आवाजाची, बिनआवाजाची

शाहूपुरीत गुळाचे सौदे व्हायचे तेव्हा
आण्णा काट्यापाशी उभे असायचे.
अडते आणि व्यापारी
रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत,
वर चेहरे कोरे, देवळात उभं राहिल्यासारखे.
मी विचारलं, खाली काय चाललंय?
आण्णा म्हणाले, चालायचंच ते.
धंदा आहे, झाकून होतो.
फक्त काट्यावर कुणी रुमाल टाकला
तर मला हाक मार.

पुढे मी दिल्लीत तेच काम केलं, एकोणतीस वर्षं.
दारावर पाटी नव्हती,
पद मात्र लांबलचक: मुख्य विधी सल्लागार,
आणि पुढे खात्याचं नाव, जे पाहुण्यांना
मी नुसतं ‘सरकारी ऑफिस’ म्हणून सांगते.
लोकांना वाटतं, कोर्टात उभी राहत असेल.
नाही. रात्री साडेअकराला
धापा टाकत आलेल्या माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं
आणि विचारायचं: कुठल्या कलमाखाली?
त्याला सकाळच्या आत देश वाचवायचा असतो,
मला त्याच्या कागदावरचं एक ‘किंवा’ खुपत असतं.
कधी ‘नाही’ लिहिलं.
त्या रात्री झोपले नाही,
कुठं काही फुटलं तर, म्हणून पेपर येईपर्यंत
कान दाराशी.
कधी ‘हरकत नाही’ लिहिलं.
झोपले.

त्यातलीच ही एक ‘हरकत नाही’.
यादीत तेवीस नंबर. कारणं नीट, सह्या नीट,
काटा उघडा, रुमाल कुठंच नाही.
एकोणिसाव्या नंबराच्या शेवटी सहा हवा होता,
कुणीतरी नऊ टिपला.
अकरा दिवस आम्ही ऐकलं
सुभाषनगरातल्या एका चपलेच्या दुकानाला:
कातडं नीट कमावलेलं नाही, परत ने.
इंदूचं डायलिसिस मंगळवारी, रिक्षा सांगून ठेव.
आणि रोज रात्री नऊला
पुण्यातल्या मुलाला लावलेला फोन,
वाजून वाजून थांबणारा.

चूक मीच पकडली.
मीच लिहिलं, नोंदी नष्ट कराव्यात.
झाल्या. त्याचा पंचनामा आहे.
पण उतारे मी वाचले होते.
चूक सिद्ध करायची तर वाचावेच लागतात.

रजेवर आले तेव्हा त्या गल्लीत
मुद्दाम गेले नाही, असं मी शपथेवर सांगणार नाही.
मुरलीधर सातपुते. चष्म्याच्या काडीला दोरा.
‘बसा की ताई. पाय ठेवा हितं कागदावर.’
पेन्सिल पावलाभोवती फिरली,
अंगठ्यापाशी जरा रेंगाळली.
‘आवाजाची पायजे का बिनआवाजाची?’

मी काहीच बोलले नाही, तेव्हा त्यानंच समजावलं:
‘तळात विंचू घालतो. करकर वाजती.
कोण आलं, कोण गेलं, घरातनं कळतंय.
आता घेत न्हाई कोण.
सगळ्यास्नी गप चालायचंय.’

आवाजाची द्या, मी म्हटलं.

मग विचारू नये ते विचारलं, घरी कोण कोण असतं?
‘मंडळी गेली माझी. आखाडात.’
हे बाराव्या दिवसानंतरचं.
हे मला माहीत नव्हतं.
चेहरा कोरा ठेवायची सवय, ती कामाला आली.
‘पोरगा हाय पुण्यात.
रोज करतो की फोन. न चुकता.’
मी मान हलवली,
खरं मानणाऱ्या माणसासारखी.
आयुष्यात साक्षीदार पुष्कळ उलटवले,
याला मी हात लावला नाही.

‘पंधरा दिसानी या. नंबर लिवून घ्या माझा.’
तो एकेक आकडा सावकाश सांगत गेला,
मधेच थांबून, पुन्हा पहिल्यापासून.
शेवटचा त्याच्या तोंडून निघाला
तेव्हा माझं पेन
नऊच्या शेपटीवर जाऊन थांबलेलं होतं.

‘घेतला काय?’

घेतला, मी म्हटलं.
तो खाली वाकून
कातडं पाण्यात भिजवायला लागला होता.